नकाशाचा वरचा मजला

इथे एव्हिएशन शिकणारा माझा भाचा आमच्याकडेच राहतो. गेल्या जानेवारीत एका शुक्रवारी रात्री तो लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आला. "मामी, ईशान्येला केवढा हाय बसलाय बघ! उद्या आकाश मोकळं. माझं सोलो नक्की!"

मी पुण्यात भूगोल शिकवायचे. 'जास्त दाब म्हणजे निरभ्र आकाश' हे वाक्य मीही फळ्यावर कितीदा लिहिलं आहे. पण अल्फारेटात ते दर वेळी खरं ठरत नाही.

उत्तर गोलार्धात जास्त दाबाभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्यामुळे न्यू इंग्लंडकडची थंड, जड हवा अ‍ॅपलेशियन डोंगरांना अडते आणि त्यांच्या कडेने घसरत जॉर्जियात घुसते. इथे याला 'वेज' म्हणतात, म्हणजे आपली पाचर. जमिनीच्या नकाशावर समदाब रेषा डोंगरालगत दक्षिणेकडे फुगलेल्या दिसतात, तीच तिची खूण.

"आता वरचा मजला उघड," मी म्हटलं. 850 हेक्टापास्कलचा नकाशा सुमारे दीड किलोमीटर उंचीवरचा. त्यातल्या रेषा दाबाच्या नसतात. तेवढा दाब किती मीटरवर मिळतो, ते त्या सांगतात. वाऱ्याच्या काडीवरचं अर्धं पीस 5 नॉट, पूर्ण 10, त्रिकोण 50. तिथे गल्फकडून दमट वारा येत होता, तापमान शून्याच्या वर. खाली जमिनीवर मात्र शून्याखाली.

तो गप्प झाला. मग स्वतःच म्हणाला, "वर पाऊस, खाली येताना गोठणार. पंखावर बर्फ." बर्फाने पंखाचा आकार बदलतो आणि विमानाला उचलणारा जोर कमी होतो. त्याने स्वतःच इन्स्ट्रक्टरला मेसेज केला. सकाळी अंगणातल्या फांद्यांवर काचेसारखा बर्फ होता.

हे वरचे नकाशे बनतात फुग्यांच्या मोजमापांवरून. आपल्या पीचट्री सिटीतून हिवाळ्यात सकाळी सातच्या नोंदीसाठी फुगा सुटतो, तेव्हा मुंबईत संध्याकाळच्या साडेपाचच्या नोंदीसाठी सांताक्रूझहून सुटतो. जगभर घटका एकच.

त्या संध्याकाळी वन्सं फोनवर म्हणाल्या, "उडाला नाही म्हणून हिरमुसलाय का गं?" म्हटलं, "नाही हो. आज तो खरा वैमानिक झाला."