अण्वस्त्रांचे छत्र आणि शेजारधर्म

सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती, नवी दिल्ली, यांस
सविनय नमस्कार वि. वि.

भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारीस आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या परस्परांच्या स्वाधीन करतात. ३१ डिसेंबर १९८८ च्या करारनाम्यान्वये त्या यादीतील स्थळांवर हल्ला करावयाचा नाही, असे उभयपक्षी बंधन आहे. आर. के. बालिगा यांच्या कल्पनेतून कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या कंपनीने उभारलेली, आणि मजसारख्या कित्येक मराठी माणसांस अन्न देणारी, बेंगळुरूची ही इलेक्ट्रॉनिक सिटी त्या यादीत येण्याचे कारण नाही. तिला जे अभय आहे ते शत्रूच्या मनातील धाकाचे. तो धाक निःसंदिग्ध शब्दांवर उभा असावा, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

आपल्या समितीने ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर केलेल्या धोरणात अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचे वचन आहे, आणि भारतीय भूमीवर अथवा कोठेही असलेल्या भारतीय सैन्यावर अण्वस्त्रे पडल्यास प्रचंड प्रतिप्रहाराची ग्वाही आहे. पुढे २०१६ साली तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी, वैयक्तिक मत म्हणून का होईना, या वचनाने स्वतःस बांधून का घ्यावे असे विचारले, आणि २०१९ साली संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी पोखरण येथे या वचनाचे भवितव्य परिस्थितीवर सोपविले. मंत्र्यांच्या मुखातून असे वचन सैल होऊ लागले, की शत्रू धास्तावून आधीच घाव घालण्याचा विचार करू लागतो आणि मित्र साशंक होतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये पाकिस्तान व सौदी अरेबिया यांनी एकावरील आक्रमण ते दोघांवरील आक्रमण मानण्याचा तहनामा केल्यापासून, भारतानेही स्नेही शेजाऱ्यांवर अण्वस्त्रांचे छत्र धरावे, असा मोह कोणास होईल. तो टाळावा. भूतान, श्रीलंका व मालदीव ही अण्वस्त्रप्रसारबंदी करार मानून अण्वस्त्रांपासून दूर राहिलेली राष्ट्रे आहेत. छत्राखाली येणारा शेजारी नेमाखालीही येतो, आणि त्याच्यासाठी आपली शहरे पणास लावण्याचे आश्वासन शत्रूस खरे वाटेलच असे नाही. त्यापेक्षा भारत, श्रीलंका, मालदीव आदी देशांच्या कोलंबो सुरक्षा परिषदेच्या कामांत सायबर सुरक्षा आणि आपत्तिनिवारण आहेतच. किरणोत्सर्गाची धूळ सरहद्द जुमानत नसल्याने, तिचे मापन आणि वेळीच इशारा देण्याची संयुक्त तजवीज त्याच दप्तरात दाखल करावी.

म्हणून विनंती की, समितीने प्रथम वापर न करण्याचे वचन संसदेपुढे लेखी निवेदनाने पुनःश्च द्यावे, आणि त्याची प्रत प्रत्येक शेजारी राष्ट्राकडे रवाना करावी.

कळावे,
आपला,
एक मराठी नागरिक
इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळुरू