उसनवारीच्या खाटा

२०२० च्या वसंत ऋतूत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माँटेफिओर बालरुग्णालयाने प्रौढ करोनाग्रस्तांना दाखल करून घेतले, आणि लंडनमध्ये अन्य इस्पितळांतील बालरुग्ण ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयाकडे वळवून काही बालअतिदक्षता विभाग मोठ्यांसाठी मोकळे करण्यात आले, तेव्हा त्या तजविजीत अन्याय झाला असे म्हणण्यास मी धजत नाही; कारण प्राणवायूवाचून तडफडणारे त्या वेळी बहुतांशी वयस्कच होते. मात्र जिथे औषधाची मात्रा मुलाच्या किलोगणिक वजनावर ठरते, तेथील परिचारिकेला एकाएकी मधुमेह, हृदयविकार आणि नव्वद किलोंचा अचेतन देह पालथा निजवण्याची कसरत सांभाळावी लागली (आणि तिने ती निमूटपणे सांभाळली!), याची नोंद खाटांचा हिशेब मांडणारी दप्तरे सहसा ठेवीत नाहीत. शिवाय एप्रिलअखेरीस ब्रिटनमधील डॉक्टरांना मुलांतील एका नव्या दाहजन्य विकाराचा इशारा मिळाला, आणि त्यांपैकी काही बालकांना याच अतिदक्षतेची निकड भासली. उसनवारीस माझी हरकत नाही. परंतु परतीची मुदत आणि मुलांसाठी राखीव खाटांची संख्या मूळ हुकमातच लेखी नमूद असली पाहिजे.