संघ गेले, प्रशिक्षक उरला

मुंबईच्या महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, त्याला यंदाच्या उन्हाळ्यात वीस वर्षे पूर्ण होत आहेत. २००५-०६ चा तो हंगाम. तोवर या लीगचे विजेतेपद कोलकाता, गोवा आणि पंजाब यांच्या बाहेर कधी गेले नव्हते. महाराष्ट्राकडे ते एकदाच आले, कारण पुढच्या हंगामानंतर ती लीगच संपली आणि तिच्या जागी आय-लीग आली. २००५ चा फेडरेशन चषकही याच संघाने नेला होता. आघाडीला याकुबू आणि बरेटो हे परदेशी खेळाडू होते, मुंबईचा स्टीव्हन डायस होता, आणि प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. आज या वर्धापनदिनाचा सोहळा करावा म्हटले तर तो करणार कोण? विजेता संघच उरलेला नाही.

परेरा मूळचे बचावपटू. ऐंशीच्या दशकात ते गोव्याच्या साळगावकर क्लबकडून आणि भारताकडून खेळले. बचावपटूचे नाव पेपरात सहसा छापून येत नाही. आले तर बहुधा त्याच्या हातून चूक झालेली असते. पण मैदान सगळ्यात जास्त दिसते ते त्यालाच. नव्वद मिनिटे खेळ त्याच्या डोळ्यांपुढे चाललेला असतो. कोण थकला, कोणाची जागा सुटली, प्रतिस्पर्धी कोणत्या बाजूने घुसणार, हे ओळखून त्याला पुढच्यांना ओरडून सांगावे लागते. प्रशिक्षकाचे निम्मे काम तो खेळतानाच शिकतो. पुढे परेरांनी आशियाई महासंघाचा प्रो परवाना मिळवला. भारतीय प्रशिक्षकांत तो फार थोड्यांकडे होता.

महिंद्रनंतर ते पुण्यात आले. अशोक पिरामल उद्योगसमूहाने २००७ मध्ये काढलेला पुणे एफसी २००९-१० मध्ये प्रथमच आय-लीगच्या वरच्या श्रेणीत खेळला आणि परेरांच्या हाताखाली थेट तिसरा आला. २०१२-१३ मध्ये तो उपविजेता ठरला. नंतर परेरा आपल्या जुन्या साळगावकरकडे गेले, आणि तिथून पुन्हा पुण्यात, डीएसके शिवाजियन्सकडे. २०१९ मध्ये भारताचा तेवीस वर्षांखालील संघ त्यांच्याकडे होता. डिसेंबर २०२१ मध्ये एफसी गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक हंगामाच्या मध्यावर कोलकात्याच्या संघाकडे गेले, तेव्हा क्लबने सूत्रे याच माणसाच्या हाती दिली. दुसऱ्याने अर्धवट टाकलेले काम कुरकुर न करता उचलणे ही बचावपटूची जुनी सवय आहे, आणि आम्हाला तिचे मोल विजेतेपदाइतकेच वाटते.

आता त्यांच्या महाराष्ट्रातल्या संघांचे काय झाले ते पाहा. महिंद्र युनायटेडची सुरुवात १९६२ ची. लीग जिंकल्यावर चार वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद केला. यापुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष देऊ, असे सांगितले. पुणे एफसी २०१५ मध्ये मिटला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये. त्याच पुण्यात भारत एफसी एक हंगाम खेळून संपला, आणि इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळून त्याच्या जागी हैदराबादला नवा संघ उभा राहिला. यातला एकही संघ मैदानावर हरला म्हणून बंद पडला नाही. प्रत्येकाचा निर्णय मालकांच्या बैठकीत झाला. सराव करणाऱ्या पोरांना त्या बैठकीत जागा नव्हती आणि मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रेक्षकांनाही नव्हती.

पेरूच्या लिमा शहरात अलियान्झा लिमा नावाचा क्लब आहे, १९०१ पासूनचा. ८ डिसेंबर १९८७ रोजी सामना जिंकून परतताना त्यांचे विमान समुद्रात कोसळले. ४४ पैकी ४३ जण गेले. वाचला फक्त वैमानिक. खेळाडू गेले, प्रशिक्षक मार्कोस काल्देरोन गेले, ज्यांनी १९७५ मध्ये पेरूला दक्षिण अमेरिकेचे विजेतेपद मिळवून दिले होते. क्लब मात्र बुडाला नाही. निवृत्त झालेला तेओफिलो कुबियास पुन्हा बूट घालून उतरला, चिलीच्या कोलो-कोलोने आपले खेळाडू उसने दिले, आणि क्लब उभा राहिला, कारण तो ला व्हिक्टोरिया या कष्टकऱ्यांच्या वस्तीचा होता. अख्खा संघ एका रात्रीत गेला तरी तिथला क्लब टिकला. आपल्याकडे सगळे खेळाडू धडधाकट असताना क्लब संपले. हा फरक आम्हाला अस्वस्थ करतो.

इतके दूर कशाला? कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमी पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळत आहेत. पेठ आहे तोवर संघ आहे. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला, तो याच मातीतला. गोव्यात धेंपे आणि साळगावकर हे तर खाणमालक घराण्यांचेच क्लब. साळगावकर २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला, तरी त्या राज्यातला खेळ थांबला नाही, कारण गावागावातले मैदान कोणाच्या ताळेबंदावर अवलंबून नव्हते. तेव्हा उद्योगपतींच्या पैशाला दोष देणे आम्हाला मान्य नाही. पैसा कोणाच्या हवाली केला जातो, प्रश्न तेवढाच आहे.

आमच्या खानदेशातल्या अमळनेरकराला हे समजावून सांगावे लागू नये. श्रीमंत प्रतापशेठ गिरणीमालक होते. त्यांच्या दानातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि साने गुरुजींनी ज्या शाळेत शिकवले तिलाही त्यांचे नाव लागले. पुढे १९४५ मध्ये प्रताप महाविद्यालय आले. गिरणीचे वैभव केव्हाच ओसरले. शाळा आणि महाविद्यालय चालू आहेत, कारण त्यांचा कारभार खानदेश शिक्षण मंडळाकडे आहे आणि मंडळाच्या निवडणुकीत गावातले सभासद मत देतात. त्या निवडणुकीत किती धुरळा उडतो हे सगळे जाणतात. उडू दे. भांडण होते याचा अर्थ संस्था गावाला आपली वाटते.

खेळाच्या बाबतीत मात्र ही शहाणीव आपण वापरलेली नाही. बहुतेक शाळांत सुब्रोतो चषकाच्या फेरीपुरता संघ जमतो आणि हरला की मोडतो. वर देशातली स्थितीही धड नाही. व्यावसायिक हक्कांच्या कराराचे घोंगडे भिजत पडल्याने जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगामच स्थगित झाला होता. वरून काही झिरपेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

अमळनेरात सभासदांचा फुटबॉल क्लब नोंदवावा. वर्गणी थोडी असावी, सभासद पुष्कळ असावेत, देणगीदाराला मान मिळावा पण क्लब बंद करण्याचा अधिकार मिळू नये, हे घटनेतच लिहावे. आणि परवाना असलेला एक प्रशिक्षक दहा वर्षांसाठी नेमावा. यंदा दहा वर्षांची असलेली मुले काय खेळतात ते २०३६ च्या सुमारास दिसेल. तोवर त्या प्रशिक्षकाचा पगार दर महिन्याला वेळेवर निघाला पाहिजे.