पीक आणि वही

अमेरिकेतील टस्कीगी संस्थेने १९०६ साली शेतीअवजारांची गाडी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या दारी नेली. कार्य थोर खरे. परंतु केवळ पीक वाढल्याने जमीन टिकत नाही. १९२० साली त्या देशात सुमारे सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. २०२२ च्या कृषिगणनेत ते पन्नास हजारांहूनही कमी भरले. कर्जवाटपातील भेदभाव आणि मृत्युपत्राअभावी वारसांत अडकलेली जमीन ही त्याची मोठी कारणे होत. म्हणूनच १९६७ साली स्थापन झालेला दक्षिणेतील सहकारी संस्थांचा महासंघ जमाखर्च, दस्तऐवज व सामुदायिक विक्री यांत साहाय्य करतो. तथापि वही कितीही चोख असली, तरी कर्ज देणाराच पक्षपाती असेल तर ती व्यर्थ होय. ज्ञान आणि न्याय्य पतपुरवठा एकाच गाडीतून दारी यावयास हवेत.