विश्लेषण : यवतमाळ ते मुंबई ५७० किलोमीटर, मग प्रवासाला सहा तास का?

मोबाइलवर यवतमाळ-मुंबई हवाई अंतर शोधले, तर ते सुमारे ५७० किलोमीटर दिसते. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या एटीआर विमानाने हे अंतर सव्वा तासाच्या आत कापता येईल. प्रत्यक्षात यवतमाळहून नियमित प्रवासी विमानसेवाच नाही.

हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ यांत फरक का?

हवाई अंतर म्हणजे दोन विमानतळांमधील सरळ रेषा. वेळापत्रकातील वेळेत धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर उतरण्याची वाट पाहणे हेही धरलेले असते. प्रवाशाला त्यात रस्ता, सुरक्षा तपासणी आणि सामानाची प्रतीक्षा मिळवावी लागते.

सध्याचे पर्याय कोणते?

नागपूर : सुमारे १५० किमी रस्ता, तीन तास. तपासणीसाठी दीड तास, उड्डाण दीड तास, बाहेर पडायला अर्धा तास. एकूण साडेसहा तास.

अमरावती (बेलोरा) : रस्ता सुमारे ८० किमी, दोन तास. उड्डाणाचे पावणेदोन तास आणि विमानतळावरील वेळ धरून एकूण पावणेसहा तास. येथील मुंबई सेवा १६ एप्रिल २०२५ रोजी ‘उडान’ योजनेतून सुरू झाली. सुरुवातीला ती आठवड्यातून तीनच दिवस होती.

समृद्धी महामार्ग : ७०१ किमीचा हा मार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. धामणगाव रेल्वेजवळून त्यावर चढल्यास स्वतःच्या गाडीने सुमारे आठ तास.

यवतमाळच्या विमानतळाचे काय?

राज्य सरकारने २००९ मध्ये यवतमाळसह नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) ही विमानतळे रिलायन्स समूहातील कंपनीला ९५ वर्षांच्या करारावर दिली. त्यातून यवतमाळला नियमित उड्डाण मिळाले नाही.

थेट विमान सुरू झाले तर किती वेळ वाचेल?

घरापासून मुंबई विमानतळाबाहेर पडेपर्यंत सुमारे सव्वाचार तास लागतील. म्हणजे अमरावतीच्या तुलनेत दीड तासाची बचत. पण ८० किमीवरील दोन विमानतळांना बऱ्याच अंशी तेच प्रवासी वाटून घ्यावे लागतील. ‘उडान’मध्ये कंपनीला तोटा भरून देणारे अनुदानही ठरावीक काळापुरतेच असते. त्यानंतर आसने भरली नाहीत, तर सेवा टिकणे अवघड.

खरी अडचण कुठे?

मुंबईत उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला किंवा मुलाखतीला निघालेल्या उमेदवाराला विमान त्याच दिवशी हवे असते. ते दोन दिवसांनी असेल, तर वाचलेल्या तासांचा उपयोग नाही. मग आठ तासांचा रस्ताच जवळचा ठरतो. त्यामुळे थेट विमानाची मागणी रास्त असली, तरी लवकर दिलासा देणारी बाब वेगळी आहे : अमरावतीहून रोजचे उड्डाण आणि त्या वेळेला जुळणारी यवतमाळची एसटी.