धुराड्याचा हिशेब आणि खाडीचे पाणी



किनारपट्टीवरील औष्णिक वीजप्रकल्पांच्या प्रदूषणाची चर्चा बहुधा धुराड्यापाशी सुरू होते आणि तेथेच संपते; डहाणूही त्याला अपवाद नाही. १९९१ मध्ये हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले, आणि त्याने धरलेल्या आग्रहामुळे तेथील ५०० मेगावॅटच्या औष्णिक प्रकल्पाला धुरातील गंधकाचा वायू काढून टाकणारी यंत्रणा अखेर २००७ मध्ये मिळाली. तालुक्यातील चिकूच्या बागांच्या दृष्टीने हे मोठेच यश होते. मात्र ही यंत्रणा धूर धुण्यासाठी समुद्राचेच पाणी वापरते, म्हणजे हवेतील भाराचा काही अंश पाण्याकडे वळतो, आणि खाडीतील कांदळवनाचे जगणे त्या पाण्यावरच अवलंबून असते.

खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसल्यामुळे कांदळवनातील तिवराची मुळे जमिनीबाहेर उभी वाढतात आणि ओहोटीच्या वेळी त्यांवरील सूक्ष्म रंध्रांतून हवा आत घेतात; त्यांनाच श्वसनमुळे म्हणतात. भारतीय कोळशात साधारणपणे ३० ते ४५ टक्के राख असते. ती पाण्यात कालवून नळांवाटे राखेच्या तलावात नेली जाते, आणि नळ गळला किंवा बांध फुटला की तिचा थर मुळांवर बसून रंध्रे बुजू शकतात. चेन्नईजवळच्या एन्नोर खाडीत अशी राख वर्षानुवर्षे साचत आली आहे.

प्रकल्पातून सोडलेल्या गरम पाण्याचा उपद्रव डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो अधिक दुर्लक्षित राहतो. वाफ थंड करण्यासाठी आत ओढलेल्या पाण्याबरोबर मासे-कोलंबीची अंडी व पिल्ले यंत्रात जातात, नळ्यांत शंख-शिंपले धरू नयेत म्हणून त्यात क्लोरिन मिसळले जाते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. जून १९९९ नंतर सुरू झालेल्या व समुद्राचे पाणी वापरणाऱ्या प्रकल्पांनी खाडी वा समुद्राच्या पाण्याचे तापमान ७ अंश सेल्सिअसहून अधिक वाढवू नये, असा नियम आहे. परंतु तो केवळ फरक मोजतो, आणि मे महिन्यातील ओहोटीला आधीच तापलेल्या उथळ पाण्यात तेवढ्या फरकाने काय होईल, याचा विचार त्यात नाही.

महाराष्ट्रातील कांदळवनाचे क्षेत्र २०२१ च्या वनसर्वेक्षणात ३२४ चौरस किलोमीटर नोंदले गेले, हे उत्तर कांदळवनाच्या हानीच्या आक्षेपावर हमखास दिले जाते. उपग्रहाला मात्र वरचे छत्र दिसते. त्याखाली नवी रोपे धरतात की नाही, चिंबोऱ्या आणि निवट्या टिकल्या की नाहीत, हे दिसत नाही. अन्यत्र रोपे लावून भरपाई झाल्याचे दाखवणे तर अधिकच सोपे. म्हणून पर्यावरणीय मंजुरीच्या अटींत खाडीतील ठरावीक ठिकाणांचे तापमान, विरघळलेला प्राणवायू, क्लोरिन, गाळातील पारा आणि रोपांची उगवण यांचे मोजमाप वर्षभर, प्रकल्पाशी संबंध नसलेल्या संस्थेकडून व्हावे आणि त्याचे आकडे दर तिमाहीस मराठीत ग्रामपंचायतीच्या व मच्छीमार सोसायटीच्या फलकावर लावले जावेत.

– एक वाचक