नाताळच्या पिशवीत डाळ घाला



नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामात गरीब घरांसाठी पिशव्या भरतात. बिस्किटं, मैदा, साखर, एखादा केक. देणाऱ्यांचं मन चांगलंच असतं. पण ज्या घरात आईबापांना एचआयव्ही आहे, तिथल्या लहान पोराला या पिशवीचा उपयोग किती?

पर्वत पाटियात आपली पुष्कळ खानदेशी कुटुंबं लूमवर आणि साड्यांच्या कामावर पोट भरतात. बाप आजारी पडून घरी बसला की आधी दूध बंद होतं, मग डाळ. पोराला चहा-खारी देऊन गप्प करतात. औषधं सरकारी दवाखान्यात २००४ पासून फुकट मिळू लागली, खरं आहे. पण ताटातलं काय? विषाणू असलेलं मूल ठणठणीत दिसत असलं तरी त्याला इतरांपेक्षा १० टक्के जास्त ऊर्जा देणारं अन्न लागतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वजन घटू लागलं तर दीडपट ते दुप्पट.

तान्ह्या बाळाचं आणखी वेगळंच. शेजारणी म्हणतात, "पाजू नको गं, बाळाला लागेल." मग पाणी घातलेलं पावडरचं दूध सुरू होतं आणि जुलाब लागतात. आई रोज न चुकता औषध घेत असेल तर पहिले सहा महिने अंगावरचंच दूध द्यावं, वर पाणीसुद्धा नको. पुढे मऊ खिचडी, घट्ट वरण, अंडं, शेंगदाण्याचा कूट. आणि डॉक्टर सांगतील तसं अंगावरचंही चालू ठेवावं.

सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून आहार मिळणं हा २०१३ च्या कायद्याने हक्क आहे. पण अशा घरच्या आया तिथे जायला कचरतात. लोक काय म्हणतील!

लोक म्हणजे कोण, तर माझ्यासारखेच. मी शिकवत असताना वर्गातल्या एका मुलाचा बाप या आजाराने गेला. पोरगं निरोगी होतं, तरी त्याचा डबा वेगळ्या बाकावर ठेवला जाऊ लागला. पालक तक्रार करतील म्हणून मी वर्गशिक्षिका असून गप्प बसले. डब्यात बहुतेकदा कोरडी भाकरी असायची, तेही मला दिसत होतं. पुढे ते शाळेत येईनासं झालं. अशा भेदभावाला आता २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. तेव्हा मला कायद्याची गरज का लागावी?

यंदा पिशवीत तूरडाळ, शेंगदाणे, गूळ घाला, आणि नाताळापुरतं नको, दर महिन्याला. मिस्सानंतर नावं मात्र वाचू नका. माझी दोन किलो डाळ आणि अंड्यांचा एक ट्रे पहिल्या रविवारी फादरांच्या ऑफिसात येईल. कुणाकडे गेला, ते मी विचारणार नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, पर्वत पाटिया, सुरत